पायलीचा तळ

पापाची पायली फणसाच्या लाकडाची.
काठ चाळीस वर्षांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला,
अंगात मीठ इतकं मुरलेलं की
पावसाळ्यात माळ्यावर ठेवली तरी रात्रभर घाम गाळायची.

पापा गेल्यावरचा हा पहिला हंगाम.
हडफड्याच्या आगरात मी मीठ ओढलं,
रास झापांनी झाकली,
आणि दुपारभर उन्हात विसरलेली पायली उचलली तर
तळातून काही पिवळट ओघळलं मनगटावर.
वासानं ओळखलं.
आल्तारावरच्या मेणबत्त्यांचं मेण.

मिसेनंतर बुडखे खरवडायचं काम पापाचंच.
वाचनही त्याचंच. बोट ओळीवर ठेवून, खड्या आवाजात,
तो मापाबद्दलचं वचन वाचायचा:
आपण लोकांना जे माप लावतो
तेच कधीतरी आपल्या दारात येऊन उभं राहतं.
पुढच्या बाकावरून मी त्याचं बोट बघायचे.
नखात मीठ दिसायचं.
मेणही असेल, असं मनात आलं नाही.

चमच्यानं खरवडलं. दीड बोट जाड.
दीड बोट गुणिले चाळीस हंगाम,
गुणिले गावातली घरं.
मला गणित जमत नाही, तरी ते रात्रभर चालू राहिलं.
तेर्साला बसले तर
ऋण सोडण्याच्या शब्दांपाशी मणी पुढे सरकेना.
कुणाचं ऋण? कोण सोडणार?

सोमवारी पोतं घेऊन निघाले.
पहिलं घर किटेरमायचं.
ओट्यावर मीठ ओतलं आणि सांगून टाकलं.
तिनं विळीवरून मान वर केली नाही.
"माहीत होतं," म्हणाली.
"मानस फुटून आगर नदीत गेलं,
तू घटसर्पानं पडली होतीस,
त्या साली पायली हलकी झाली. माझ्या हाताला कळलं.
मग मीही त्याला पोर्तुगीज काळातली बंद नाणी द्यायला लागले,
चालत्या नाण्यांत मिसळून.
तो मुकाट घ्यायचा.
आणि माझ्या नवऱ्यानं बोटीवरून पैसे पाठवणं सोडलं तेव्हा
पायली भरून झाली की वर एक ओंजळ टाकायचा, दाबून,
भलतीकडेच बघत."

मी खाली बसले.
बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा आठवला,
त्यातल्या नाण्यांनी मी लहानपणी दुकान दुकान खेळायचे.
पापानं खेळायला आणलीत, असंच समजत होते.
एकदा त्यातलं एक मी खरोखरच्या दुकानात नेलं
तेव्हा तो इतका का हसला होता!

"मीठ राहू दे," किटेरमाय म्हणाली,
"पण नाणी परत आणू नकोस."

बाकीच्या घरांत असं काही घडलं नाही.
आंतोनेतनं मीठ घेतलं आणि पापाला शिवी दिली,
तीही मापात धरली.
लिस्बनला गेलेल्यांच्या दाराला कुलूप होतं,
त्यांचं मीठ माडांच्या आळ्यांत टाकून आले.
पलीकडच्या आगरात भराव घालून हॉटेल उभं राहतंय,
तिथला रखवालदार विचारत होता,
कसला सण आहे, बाई?
मला सांगता आलं नाही.
त्यालाही पिशवीभर दिलं.

मेणाचा गोळा इगर्जीत नेववेना, फेकवेना.
शेवटी मानशीच्या फळीच्या फटीत दाबून बसवला.
पाणी कमी झालंय. थोडं येतंच.

पायली आता खोल आहे.
हात जुन्या सवयीनं भरत जातो,
झाली, असं वाटून थांबतो,
आणि गिऱ्हाईक बघत असतं,
आणि आत अजून
दीड बोट जागा असते.